उमेदवारानं कुणाला ‘नाही’ म्हटलं?

जळगावहून धुळ्याकडे निघालं की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो. पुढच्या वेळी तिकडून जाल तेव्हा पुलाच्या अलीकडे गाडी थांबवा, काठावर या आणि पात्राकडे नीट बघा. वाळू शाबूत असते तिथे पात्र पसरट दिसतं आणि टाचेखाली ओल लागते. वाळू उपसली गेली असेल तिथे खड्डे दिसतात, कडेला उघडा पडलेला मुरूम दिसतो आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. गिरणाकाठच्या एका शेतकऱ्यानं मला त्याच्या विहिरीशी नेऊन उभं केलं होतं. बांधीव कड्यावर जुन्या पाणीपातळीची पांढरी रेघ होती आणि पाणी त्या रेघेच्या तीन परस खाली होतं. तो एवढंच म्हणाला, “वाळू गयी तं पानी बी गयं, भाऊ.”

त्याच्या बोलण्यात सगळं शास्त्र आलं. नदीतली वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते आणि हिवाळाभर, उन्हाळ्यापर्यंत ते हळूहळू काठच्या विहिरींना पाजते. कितीतरी गावांच्या नळपाणी योजनांच्या विहिरी याच पात्रात किंवा काठावर आहेत. वाळूचा थर गेला की पूर येतो तसा निघून जातो आणि जानेवारीतच गाव टँकरची वाट बघू लागतं.

म्हणून निवडणूक आली की माझं सांगणं असतं, जाहीरनाम्यातलं ‘पर्यावरण’ हे पान आधी उघडू नका. तिथे झाडाचं चित्र आणि ‘हरित’ हा शब्द सगळ्यांचाच असतो. खानदेशात पर्यावरण म्हणजे पाणी, वाळू, सातपुड्याचं जंगल आणि मे महिन्यात केळीची पानं करपवणारं ऊन. या चार गोष्टींशी उमेदवार आजवर कसा वागला, हे शोधायचं. शोधताना एक प्रश्न हातात धरून ठेवा : या माणसानं कधी, कुणाला, कशासाठी ‘नाही’ म्हटलं? ‘मी हे आणलं, ते आणलं’ असं प्रत्येक जण सांगतो आणि त्यात खरंही असतं. रस्ता आणताना, सभागृह बांधताना कुणाशी वैर पत्करावं लागत नाही. नदी राखताना मात्र स्वतःच्याच कार्यकर्त्याचा ट्रॅक्टर अडवावा लागतो.

वाळूपासूनच सुरुवात करा, कारण इथे माणूस लवकर कळतो. नियम फारसे अवघड नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते. लिलावाआधी ग्रामसभेचं मत घेतलं जातं. पावसाळ्यात १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो, रात्री उपसा करता येत नाही आणि पुलाच्या आसपास ठरावीक अंतरात पात्राला हात लावता येत नाही. राज्यानं २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासनं डेपोतून वाळू द्यायचं धोरण आणलं, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाकडे वळलं आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन दिलं. उमेदवाराला विचारा की या दोन धोरणांत तुमच्या तालुक्यात नेमका काय फरक पडला. ज्यानं या विषयात लक्ष घातलं आहे तो डेपोचं नाव सांगेल, ब्रासचा भाव सांगेल. बाकीचे ‘वाळूमाफियांची गय करणार नाही’ एवढंच बोलून पुढच्या गल्लीत जातील.

खरी कसोटी मात्र फोनची असते. महसूलच्या पथकानं रात्री ट्रॅक्टर पकडला की तो सोडवण्यासाठी तहसीलला फोन जातात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो, म्हणून फोनची किंमतही मोठी असते. पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. अशा हल्ल्यानंतर तुमच्या उमेदवारानं जाहीर बोलून त्या तलाठ्याची बाजू घेतली का? स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक वाचनालयात मिळतात. दोन-तीन मोठ्या घटनांच्या तारखा काढा आणि त्यानंतरच्या आठवड्याचे अंक चाळा. कोण बोललं, कोण गप्प राहिलं, हे अर्ध्या तासात समजतं.

त्यानंतर शपथपत्र. उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. विधानसभा-लोकसभेसाठी आयोगाचं ‘नो युवर कँडिडेट’ हे मोबाइल ॲपही आहे. बहुतेक जण त्यात सोनं किती, जमीन किती एवढंच बघतात. तुम्ही गुन्ह्यांच्या तक्त्यातली कलमं बघा. जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७९ किंवा नव्या न्याय संहितेचं ३०३, म्हणजे चोरी, हे गौण खनिजाच्या प्रकरणांत लागतं. त्याच्या जोडीला खाण व खनिज कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ दिसतात का ते पाहा. मग वाहनांची यादी वाचा. डंपर, पोकलेन, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहेत, पतीच्या की पत्नीच्या? व्यवसायाच्या रकान्यात खडीक्रशर किंवा बांधकामाचा ठेका आहे का? सरकारी कंत्राटं असतील तर तीही तिथे लिहावी लागतात.

इथे घाई करू नका. दाखल गुन्हा म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. उलट काही कलमं त्या माणसाच्या बाजूनं बोलतात. पाण्यासाठी रास्ता रोको केला, धरणाच्या मागणीसाठी जमावबंदी मोडली, तेव्हाही गुन्हा दाखल होतो. तक्त्यात तारीख आणि पोलीस ठाणं असतं. त्या गावातल्या कुणालाही विचारलं तरी पाठीमागची गोष्ट कळते. क्रशर असणं हाही दोष नाही. पण क्रशरवाला माणूस टेकड्यांच्या प्रश्नावर काय बोलतो, हे जास्त लक्ष देऊन ऐकावं.

आता ‘आणलं’ या शब्दाकडे येऊ, कारण खानदेशातल्या निवडणुका धरणांच्या नावांवर लढल्या जातात. अमळनेर तालुक्यातलं तापीवरचं पाडळसरे धरण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि त्यानंतर एका पिढीनं ते फक्त भाषणांतून पाहिलं. गिरणेवरचे सात बलून बंधारे कितीदा ‘मंजूर’ झाले, हे भडगाव-पाचोऱ्याच्या माणसाला तोंडपाठ आहे. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात झालं. नार-पार-गिरणा नदीजोडला राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ७,०१५ कोटींची मान्यता दिली. तापी महापुनर्भरणाचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार १० मे २०२५ रोजी भोपाळला झाला.

ही कामं खोटी आहेत असं मला म्हणायचं नाही. काहींचं काम पुढे सरकलं आहे आणि महापुनर्भरण तर सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या ‘बझाडा’ पट्ट्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे. पण ‘मंजूर’ या एका शब्दात चार वेगळ्या पायऱ्या दडवल्या जातात : तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, पर्यावरण व वन मंजुरी आणि अर्थसंकल्पातली प्रत्यक्ष तरतूद. काम रेंगाळलं की पाचवी येते, ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. ती आली म्हणजे खर्च वाढला असं समजा. उमेदवार मंजुरी म्हणाला की विचारा, “भाऊ, यातली कुठली? शासन निर्णयाची तारीख काय? या वर्षी किती कोटी धरलेत?” पर्यावरण मंजुरीची स्थिती केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकून कुणालाही बघता येते. शासन निर्णयही ऑनलाइन असतात. दहावीतला मुलगा दहा मिनिटांत काढून देतो.

पाण्याच्या कामांची पारख करायला आपल्याकडे शिरपूरइतकं चांगलं उदाहरण नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तेव्हाचे आमदार अमरिशभाई पटेल यांनी तिथे नाले रुंद-खोल केले आणि त्यांवर दरवाजे नसलेल्या सिमेंट बंधाऱ्यांची साखळी बांधली. पूर अडला, विहिरींना पाणी आलं, राज्यभरातून माणसं बघायला आली. राजकीय नेत्यानं एका तज्ज्ञाला हाताशी धरून अनेक वर्षं एकच काम चिकाटीनं केलं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. पण शिरपूरच्या तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, मधे चिकण मातीचे पट्टे आहेत. साक्रीत किंवा चाळीसगावात खाली काळा पाषाण लागतो. तिथे त्याच पद्धतीनं पोकलेन लावलं तर पाणी मुरतंच असं नाही. काही ठिकाणी तर भूजलाचा थरच उघडा पडतो आणि साठलेलं पाणी उन्हात उडून जातं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारात नाला खोलीकरण राज्यभर झालं. महालेखापालांनी २०२० च्या अहवालात सांगितलं की ९,६३३ कोटी खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यावर त्याचा परिणाम अल्पच झाला.

म्हणून ‘मी अमुक इतके बंधारे बांधले’ असं कुणी सांगितलं की संख्या ऐकून थांबू नका. तीन वर्षं जुना एखादा बंधारा निवडा आणि फेब्रुवारीत जाऊन बघा. गाळानं भरलाय का? बाजूनं पाणी फुटून गेलंय का? फळ्या टाकायचा बंधारा असेल तर फळ्या कुठे आहेत? खालच्या बाजूच्या दोन विहिरींवर जाऊन विचारा की पाणी कुठवर टिकतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरीचे दहा वर्षांचे आकडे जिल्हा कार्यालयातून मागता येतात. काम कुणी केलं यावर वाद होतील, पण मे महिन्याच्या आकड्याशी कुणाला वाद घालता येत नाही.

पुढचा प्रश्न विचारायला धाडस लागतं, कारण तो आपल्याही अंगावर येतो. अडवलेलं पाणी गेलं कुठे? रावेर-यावलच्या केळीनं जगात नाव काढलं, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच पट्ट्यात बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती-उद्योगासाठी ६० मीटरच्या पुढे बोअर घ्यायला मनाई आहे, हे किती जणांना माहीत आहे? आणि किती उमेदवार हे भर सभेत बोलतील? बागायतदाराच्या ओट्यावर बसून ‘बोअर घेऊ नका, ठिबक आणि मल्चिंगकडे वळा, पाण्याचा हिशेब गावानं मिळून करा’ असं म्हणणारा उमेदवार मला भेटला तर त्याची बाकी आश्वासनं मी अर्ध्यानं विसरेन. जो फक्त ‘आणखी पाणी आणू’ म्हणतो त्याला विचारा, “आणि नाही आलं तर?”

झाडांच्या आकड्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण आता सगळे शहाणे झालेत. राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपं लावण्याचा संकल्प केला होता. एका कार्यालयात मी माहितीचा अधिकार वापरून आमच्या रस्त्यावरच्या जिवंत झाडांची संख्या मागितली तर उत्तरात लावलेल्या रोपांची संख्या आली. जिवंतचा रकानाच त्यांच्या वहीत नव्हता. तेव्हापासून मी उमेदवारांना एकच विचारतो, “टँकरनं पाणी किती उन्हाळे घातलं?” शहरात असाल तर वृक्ष प्राधिकरणाच्या सभेचं इतिवृत्त मागा. जळगाव आणि धुळे महापालिकेत नगरसेवकच त्या प्राधिकरणावर बसतात. महामार्ग रुंद होताना जुने वड-निंब तोडायच्या प्रस्तावाला कुणी हरकत घेतली, कुणी हात वर केला, हे तिथे लिहिलेलं असतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण आहे, तेव्हा ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालायचं नाही.

सातपुड्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. यावल अभयारण्य १९६९ चं. त्यात अतिक्रमणं झाली आणि जंगल विरळ झालं हे खरं. पण १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसत असलेल्या आदिवासीचा हक्क वनहक्क कायद्यानं मान्य केला आहे. चांगला उमेदवार या दोन गोष्टींत फरक करतो. प्रलंबित दाव्यांचा निपटारा करा म्हणतो आणि नव्या तोडीला साफ नकार देतो. वाईट उमेदवार एका सभेत ‘जंगल वाचवा’ आणि दुसऱ्या सभेत ‘बिनधास्त कसा, मी बघतो’ म्हणतो. जमलं तर दोन्ही सभा ऐका. लोकांच्या हाती जंगल दिलं तर काय होतं ते साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं दाखवलं आहे. तिथे चैत्राम पवारांसोबत गावानं कुऱ्हाडबंदीचे नियम केले, मोडणाऱ्याला दंड लावला, शेकडो हेक्टर वन उभं राहिलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. धुळ्याजवळच्या लामकानीनं चराईबंदी करून माळावर गवत परत आणलं. अशा गावांच्या व्यासपीठावर पाहुणा म्हणून गेलेले नेते पुष्कळ असतात. त्या गावाला सामूहिक वनहक्काचा कागद मिळवून द्यायला किती जण तहसीलच्या पायऱ्या चढले ते विचारा.

वीज प्रकल्पांबाबतही सावध राहावं. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख भुसावळकरांच्या अंगणात पडते. राख शंभर टक्के वापरात आणायचं बंधन केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं घातलं आहे. वेल्हाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याबद्दल उमेदवार काय करणार, हा त्या मतदारसंघातला रास्त प्रश्न. साक्रीतला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ही स्वच्छ वीज आहे, मला तिचा आनंद आहे. पण विखरणचा एक वृद्ध शेतकरी जानेवारी २०१८ मध्ये, वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मंत्रालयात विष प्यायला आणि त्यातच गेला. वीज सौर असली तरी जमीन कुणाची, मोबदला किती आणि ग्रामसभेला विचारलं का, हे प्रश्न उरतातच.

कुणाला काय विचारायचं याचंही भान हवं. खासदाराला गटारीचा जाब विचारून उपयोग नाही. त्याला केंद्राच्या योजनांवर जिल्ह्यात देखरेख ठेवणाऱ्या दिशा समितीच्या बैठका, केंद्राच्या मंजुऱ्या आणि लोकसभेत विचारलेले प्रश्न याबद्दल विचारा. ते प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतात. तापी, गिरणा ही नावं शोधून बघा. केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०१८ मध्ये राज्यातले जे ५३ प्रदूषित नदीपट्टे सांगितले त्यांत या दोन्ही नद्या होत्या. आमदाराचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना विधिमंडळाच्या नोंदीत असतात. त्याच्या वर्षाच्या पाच कोटींच्या निधीतून पाण्यावर किती आणि पेव्हर ब्लॉकवर किती गेले, ते जिल्हा नियोजन कार्यालय सांगतं. जिल्हा परिषदेकडे शंभर हेक्टरांपर्यंतची लघुसिंचनाची कामं असतात, म्हणजे तुमच्या गावचा पाझर तलाव त्या उमेदवाराच्या खात्यावर येतो. नगरसेवकाकडे कचरा, सांडपाणी, मेहरूणचा किंवा नकाण्याचा तलाव, लेंडी नाला. चाळीसगावकरांनी तर ३०-३१ ऑगस्ट २०२१ ची रात्र विसरू नये. तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत गावात शिरल्या, गुरं दावणीला बांधलेली वाहून गेली. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत कुठल्या बांधकामाला परवानगी मिळाली, तेव्हा सभागृहात कोण होतं, हे प्रत्येक नदीकाठच्या शहरानं विचारायला हवं. पांझरेच्या काठी राहणाऱ्या धुळेकरांनीही.

नवा उमेदवार असेल तर त्याची नोंद सापडणार नाही. मग तो सोसायटीचा संचालक, सरपंच, ठेकेदार, शिक्षक जे काही होता त्या जागी तो पाण्याशी कसा वागला ते पाहा. सरपंच असताना वाळूपट्ट्याच्या ठरावावर ग्रामसभेत काय झालं, हे ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात आहे. ते वाचायला मागा, नागरिकाला तो अधिकार आहे.

प्रश्न विचारायची जागा मोठी सभा नव्हे. तिथे ध्वनिक्षेपकापुढे कुणाचं ऐकू येत नाही. कोपरा सभा, पारावरची बैठक, सकाळी दारोदार फिरणं, या वेळा चांगल्या. एकटं विचारू नका, गल्लीतल्या चार जणांनी मिळून तीनच प्रश्न ठरवा, ते सगळ्या उमेदवारांना सारख्याच शब्दांत विचारा आणि उत्तर त्यांच्यासमोरच वहीत तारखेसह लिहून घ्या. लिहिताना दिसलं की माणूस जपून बोलतो. “अण्णा, निवडून आल्यावर पहिल्या वर्षात वाळूचा ट्रॅक्टर सोडायला तुमचा फोन येणार नाही, असं इथे लिहू का?” हा प्रश्न मी एका कोपरा सभेत विचारला आहे. उमेदवार बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “लिहा.” मागे उभ्या असलेल्या त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तेही मी वहीत लिहून ठेवलं आहे.

माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवस. प्रचार सुरू झाल्यावर अर्ज टाकला तर उत्तर मतदानानंतर येईल. तेव्हा निवडणुकीची चाहूल लागली की त्याच आठवड्यात तीन अर्ज टाका : आमदार निधीचा कामवार खर्च, तालुक्यात वर्षभरात अवैध वाळूचे किती ट्रॅक्टर पकडले आणि किती दंड वसूल झाला, आणि जवळच्या निरीक्षण विहिरीची दहा वर्षांची पातळी.